मेलबर्नला जाऊन सोडलेले बॉल बघून आलो

२०२४ च्या नाताळात मेलबर्नला भारत-ऑस्ट्रेलिया बॉक्सिंग डे टेस्ट (म्हणजे २६ डिसेंबरला सुरू होणारी) बघायला गेलो होतो. मावसभाऊ (आमचा दादा) तिकडेच असतो, विल्यम्स लँडिंगजवळ, त्यामुळे राहायचा प्रश्न नव्हता. व्हिसा, विमान, तिकिटं यावर लिहिण्यासारखं काही नाही, सगळं सुरळीत झालं. फक्त एक सांगतो, भारताची टेस्ट असेल तर पहिल्या तीन दिवसांची तिकिटं शक्य तितक्या आधी काढा, शेवटच्या दोन दिवसांचं नंतर बघता येतं. सिरीज १-१ होती, पर्थ आपण जिंकलेलो, अ‍ॅडलेड हरलेलो, ब्रिस्बेन ड्रॉ आणि तिथेच अश्विनने मधेच रिटायरमेंट जाहीर करून टाकलेली. म्हणजे वातावरण आधीच तापलेलं होतं.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळच्या दिवशी मेलबर्नमध्ये सगळं बंद असतं हे ऐकून होतो पण इतकं बंद असेल असं वाटलं नव्हतं. दुकानं बंद, रस्ते मोकळे. एक गोष्ट मात्र चालू आणि तीही फुकट, ती म्हणजे ट्रेन-ट्राम. २५ तारखेला तिकडे सार्वजनिक वाहतुकीला पैसे पडत नाहीत, मायकी (तिकडचं प्रवासाचं कार्ड) टॅपसुद्धा करावं लागत नाही. दादा म्हणाला चल, शहर दाखवतो, आणि आम्ही चौघं (दादा, वहिनी, नऊ वर्षांचा पुतण्या आणि मी) फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनला उतरलो.

बर्क स्ट्रीटवर मायर नावाचं जुनं मोठं दुकान आहे, त्यांच्या काचेच्या खिडक्यांमध्ये १९५६ पासून दर नाताळात हलत्या बाहुल्यांचे देखावे मांडतात. आमच्या गणपतीतल्या हलत्या देखाव्यांची आठवण आलीच, फक्त इथे लाउडस्पीकर नव्हता आणि लोक शिस्तीत रांगेने पुढे सरकत होते. पुतण्याने दरवर्षी बघितलंय म्हणून तोंड वाकडं केलं. त्याला एमसीजीला, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडला जायचं होतं.

तर फेडरेशन स्क्वेअरवरून नदीकाठाने निघालो आणि विल्यम बराक पुलावरून थेट यारा पार्कमध्ये. हा पादचारी पूल लक्षात ठेवा, मॅचच्या दिवशी शहरातून ग्राउंडला जायचा सगळ्यात मजेशीर रस्ता हाच आहे, पंधरावीस मिनिटं लागतात आणि सगळी जत्रा बरोबर चालत असते. आज मात्र पुलावर आम्हीच. मैदान बंद होतं पण बाहेरचे पुतळे बघता येतात. ब्रॅडमन, कीथ मिलर, वॉर्न, आणि डेनिस लिली. लिलीच्या पुतळ्यापाशी दादाने मुलाला १९८१ ची गोष्ट सांगितली, गावसकर ७० वर असताना लिलीच्या बॉलवर एलबीडब्ल्यू दिला, बॅटला लागलाय म्हणून हा भडकला आणि चेतन चौहानलाच बरोबर घेऊन निघाला, बाउंड्रीपाशी टीमचे मॅनेजर विंग कमांडर दुराणी यांनी चौहानला अडवलं म्हणून मॅच वाचली, आणि नंतर कपिलने दुखऱ्या पायाने पाच विकेट काढून ऑस्ट्रेलियाला ८३ मध्ये गुंडाळलं. पोरगं शांतपणे ऐकत होतं आणि मग म्हणालं, "पण बाबा, अंपायरने आउट दिल्यावर जायला पाहिजे ना." इकडे वाढलेलं पोर. वर ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन कमिन्सचा फॅन. दादा काही बोलला नाही.

२६ डिसेंबर, गुरुवार

दहा वाजता पोचलो तर पूल माणसांनी गच्च भरलेला. मॅच साडेदहाला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे पाच. लहानपणी थंडीत गोधडी गुंडाळून ज्या मॅच टीव्हीवर बघितल्या त्या इथे अशा भर उन्हात चालतात हे डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. आणि ऊन म्हणजे काय ऊन! त्या दिवशी पारा चाळीसच्या आसपास, वारा सुटला की भट्टीचं दार उघडल्यासारखा.

इथे एक महत्त्वाची टिप. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून येतो. म्हणजे दक्षिणेकडचा जो शेन वॉर्न स्टँड आहे तो उत्तरेला तोंड करून आहे, आणि तिथे खालच्या रांगांत बसलात तर दिवसभर तोंडावर ऊन. आपली बरीचशी पब्लिक तिथेच असते, दंगाही तिथेच. ऊन नको असेल तर समोरच्या उत्तरेकडच्या बाजूला किंवा छपराखाली वरच्या मजल्यावर सीट घ्या. टोपी आणि सनस्क्रीन याबद्दल लाजू नका, तिथे सहा फुटी बाप्येसुद्धा नाकाला पांढरं थापून बसतात. आणि डबा न्यायला परवानगी आहे, काचेच्या बाटल्या नि दारू तेवढी आत सोडत नाहीत. वहिनीने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळपोळ्या दिल्या होत्या. बॅग तपासणाऱ्या बाईने चटणीचा डबा उघडून वास घेतला, भुवया वर केल्या आणि "गुड लक" म्हणून सोडून दिलं.

आमच्या सीट चौथ्या लेव्हलवर. इतक्या वरून एक गंमत होते, बॅट बॉलला लागलेली आधी दिसते आणि आवाज नंतर येतो. पहिले काही बॉल मला वाटत होतं माझंच काहीतरी बिघडलंय. आणि सीगल! मैदानात शेकड्याने सीगल बसलेले, बॉल त्यांच्यातून जातो, ते जरासे उडतात आणि परत तिथेच येऊन बसतात.

बाकी त्या सकाळबद्दल तुम्हाला माहितीच आहे. ऑस्ट्रेलियाचा ओपनर सॅम कॉन्स्टस, १९ वर्षांचा, पहिलीच टेस्ट, आणि समोर बुमराह. सुरुवातीला तीन-चार वेळा नुसता फिरला, बॅटला काही नाही, आम्ही हसत होतो. मग त्याने बुमराहला उलटा स्कूप (बॅट उलटी फिरवून बॉल कीपरच्या बाजूला मागे उचलायचा) मारून सिक्स मारली आणि आमच्या स्टँडमध्ये काही सेकंद कुणालाच काय करावं कळेना. टेस्टमध्ये बुमराहला जानेवारी २०२१ नंतर कुणी सिक्स मारली नव्हती हो! मग विराटने चालता चालता कॉन्स्टसला खांदा मारला ते प्रकरण. वरून आम्हाला काही नीट दिसलं नाही, फक्त मोठ्या पडद्यावर रिप्ले आला आणि अख्ख्या स्टेडियमने एकाच वेळी "ओऽऽह" केलं, अर्ध्यांनी आनंदाने अर्ध्यांनी रागाने. माझ्या शेजारचा सरदारजी सारखा म्हणत होता की मुलगा मधे आला, मुलगाच मधे आला. दादा म्हणाला मधे कुणी आलं नाही, विराट वाकडा गेला. विराटला २० टक्के मॅच फी दंड झाला तेव्हा दादाने मला मेसेज फॉरवर्ड करून खाली फक्त "?" टाकलं. कॉन्स्टसच्या ६५ बॉलमध्ये ६० झाल्या, जडेजाने काढला.

पण मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त काय आठवतं सांगू, ट्रॅव्हिस हेडची विकेट. ज्या माणसाने आपल्याला दीडदोन वर्षं छळलंय तो आला, बुमराहचा बॉल बाहेर जाईल म्हणून बॅट वर घेऊन सोडला, आणि बॉल आत येऊन बेल्स उडाल्या. शून्य. बॉल सोडणं ही पण कला आहे आणि ती चुकली की असं होतं. तो आवाज मात्र वरपर्यंत वेळेवर आला, कारण तो स्टंपचा नव्हता, आमचाच होता. दिवसअखेर त्यांचे ६ बाद ३११. त्या दिवशी ८७,२४२ लोक होते, आणि मला वाटतं त्यातल्या निम्म्यांचा तरी घसा बसला असेल.

मधल्या वेळात स्टेडियमवाले स्वस्थ बसू देत नाहीत. ओव्हर संपली की गाणं, डान्स करणाऱ्यांवर कॅमेरा, जोडप्यांवर कॅमेरा, टोप्या उंच करा, ओरडा, कोण जास्त ओरडतं. पुतण्या प्रत्येक वेळी उभा राहून नाचत होता, एकदाही पडद्यावर आला नाही. मला पहिले दोन तास मजा वाटली, मग जरा वैताग. टेस्टमध्ये दोन ओव्हरच्या मधे जी शांतता असते ना, ज्यात आपण शेजारच्याशी फील्डिंगवर वाद घालतो, ती यांना बघवत नाही बहुतेक.

२७ डिसेंबर, शुक्रवार

रात्रीच मनमोहन सिंग गेल्याची बातमी आली होती. सकाळी आपली टीम दंडाला काळ्या पट्ट्या लावून उतरली. आमच्या रांगेत एक वयस्क पंजाबी जोडपं होतं, काकू बराच वेळ गप्प बसून होत्या, मग त्यांनी पर्समधून पिन्नी (पंजाबी लाडू) काढून सगळ्या रांगेला वाटली. आम्ही दशम्या दिल्या. ओळख अशी झाली.

हवा एकदम उतरली होती. काल चाळीस आणि आज जॅकेट लागेल की काय अशी. मेलबर्नमध्ये एका दिवसात चार ऋतू होतात असं तिथले लोकच म्हणतात, तर बॅगेत पातळ जॅकेट ठेवाच, काल किती उकडलं याचा आजशी संबंध नसतो.

स्मिथने १४० केल्या. कंटाळवाण्या नव्हत्या पण मला त्याचं ते हातवारे करत बॉल सोडणं बघवत नाही, दादाला तेच आवडतं. आउट कसा झाला तर आकाशदीपला पुढे येऊन मारायला गेला, बॉल अंगाला लागून हळूहळू घरंगळत स्टंपवर गेला आणि हा बघत उभा. त्यांचे ४७४.

मग आपली बॅटिंग. रोहित ३. (वहिनी घरून मेसेज करून विचारते, "बसायच्या आत गेला का?") राहुल टीच्या आधीच्या बॉलला बोल्ड. मग यशस्वी आणि विराटने जो दीड तास खेळून काढला तो खरा माल होता. विशेषतः विराट. ज्याने अख्खा दौराभर ऑफ स्टंपबाहेर बॅट घालून विकेट दिली तो आज सोडत होता, सरळ बॅट खांद्यावर घेऊन सोडत होता, आणि प्रत्येक सोडलेल्या बॉलला आमच्या मागचे दोघं-तिघं "शाब्बास" म्हणत होते. चांगली शंभरची पार्टनरशिप झाली. आणि मग तो रनआउट. यशस्वी मिडऑनला ढकलून पळाला, विराट मागे फिल्डरकडे बघत जागचा हलला नाही, आणि यशस्वी त्याच्याच शेजारी जाऊन उभा. ८२ वर. मी अशी शांतता आयुष्यात ऐकली नाही, म्हणजे हजारो आपले लोक आणि कुणीही शिवीसुद्धा देत नाहीये कारण कुणाला द्यायची ते ठरत नाहीये. पुढच्या काही मिनिटांत विराटने दिवसभर सोडलेला तोच बॉल खेळला आणि कीपरकडे गेला. नाइट वॉचमन आकाशदीपही गेला. ५ बाद १६४.

संध्याकाळी डोकं शांत करायला शहरात थांबलो. होसियर लेनमध्ये भिंतीभर ग्राफिटी आहे, आणि लोक तिथे फोटो काढत असतानाच कुणीतरी स्प्रे घेऊन कालचं चित्र पुसून नवीन काढत असतं. तिथून लिटल बर्क स्ट्रीटवर चायनाटाउनला डम्पलिंग खाल्ले. उन्हाळ्यात सूर्य पावणेनऊच्या आसपास मावळतो त्यामुळे मॅच संपल्यावरही फिरायला भरपूर उजेड मिळतो. शहराच्या मधल्या भागात ट्राम फुकट आहे, त्या हद्दीबाहेर जाताना मात्र कार्ड टॅप करा, तपासनीस मधेच चढतात.

२८ डिसेंबर, शनिवार

या दिवसासाठी मी परत तेवढे पैसे खर्च करेन.

सकाळी पंत गेला. एकदा स्कूप मारायला गेला, फसला, पुढच्याच बॉलला परत तोच शॉट आणि थर्डमॅनला लायनच्या हातात. गावसकर कॉमेंट्रीत भडकले म्हणून नंतर सगळीकडे गाजलं, पण तिथे आमच्या ब्लॉकमध्ये प्रत्येकजणच गावसकर झाला होता. जडेजाही गेला, ७ बाद २२१. लोक जेवायच्या रांगेत लागले. मी पण लागलो, मीट पाय घेतला. मांसाचा खिमा भरलेला गरम पाय, वरून टोमॅटो सॉस, खाताना कडेने रस शर्टावर सांडतो. चव ठीक. भूक लागलेली असेल तर बरा, नाहीतर दशमीच बरी.

आमच्या पुढच्या रांगेत एक तेलुगू कुटुंब होतं, आजी, आई-वडील, दोन पोरी. नितीश रेड्डी विशाखापट्टणमचा, हे पण तिकडचेच. आजींना क्रिकेटमध्ये काही रस नव्हता, त्या विणत बसल्या होत्या. नितीश आणि वॉशिंग्टन सुंदरने हळूहळू जे उभं केलं त्याचं वर्णन करायला बॉल टू बॉल काही नाही, ते नुसतं लांबत गेलं. सुंदरने दीडशेच्या वर बॉल खेळून पन्नास केल्या, अर्धे बॉल तर खेळलेच नाहीत, सोडले. मधे पाऊस आला. छप्पर फक्त प्रेक्षकांवर आहे, तर आम्ही कोरडे बसून मैदानावर कव्हर ओढणारी माणसं बघत होतो आणि कुठूनतरी ढोल सुरू झाला. स्वामी आर्मीवाले (भारताच्या फॅन्सचा ग्रुप) बहुतेक. एक ऑस्ट्रेलियन माणूस बिअर हातात घेऊन मधे शिरला आणि जे काही नाचला ते आमच्या मिरवणुकीत सहज खपलं असतं.

१२७ ची पार्टनरशिप होऊन सुंदर गेला तेव्हा नितीश नव्वदीत. मग ९९ वर नितीश पलीकडे आणि बुमराह कमिन्ससमोर, शून्यावर गेला. नऊ बाद. शेवटचा सिराज, ओव्हरमधले तीन बॉल शिल्लक, समोर कमिन्स.

पुढच्या रांगेतल्या बाईंनी डोळे मिटून घेतले होते. त्यांचे मिस्टर उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. सिराज पण हैदराबादचा, म्हणजे आत्ता दोन्ही टोकांना त्यांचीच माणसं! आजींनी विणकाम मांडीवर ठेवलं आणि पहिल्यांदाच मैदानाकडे बघितलं. पहिला बॉल अडवला आणि स्टेडियममध्ये असा आवाज झाला की जणू सिक्स गेली. दुसरा. तिसऱ्याला सिराजने परत बॅट मधे आणली आणि ओव्हर संपली, आणि त्या तीन बॉलांवर ज्या टाळ्या पडल्या तेवढ्या मला नाही वाटत सिराजला विकेट काढल्यावर तरी कधी पडल्या असतील. पुढच्या ओव्हरला बोलँडला नितीशने मिडऑनवरून उचलून चौका मारला. शंभर. गुडघ्यावर बसला, बॅट जमिनीत रोवली, त्यावर हेल्मेट. पडद्यावर त्याचे वडील, मुत्याला रेड्डी, हात जोडून ढसाढसा रडताना. मुलाच्या क्रिकेटसाठी नोकरी सोडलेला माणूस. आमच्या पुढचे पण रडत होते, आजी सोडून, त्या मुलीला काहीतरी विचारत होत्या. मुलीने मला इंग्रजीत सांगितलं की आजी विचारतेय, झालं ना आता, घरी जायचं का. आणि खरंच थोड्या वेळाने अंधुक प्रकाशामुळे खेळ थांबला आणि सगळे घरी गेले. ९ बाद ३५८.

त्या रात्री परतीच्या ट्रेनमध्ये अख्खा डबा निळा. कुणीतरी "गणपती बाप्पा" म्हटलं आणि आम्ही चार-पाच ठिकाणांहून "मोरया" केलं तेव्हा कळलं डब्यात किती मराठी आहेत. एका काकांनी लगेच कुठले तुम्ही, आडनाव काय, सुरू केलं.

२९ डिसेंबर, रविवार

आज गर्दी निम्मी. सकाळी लवकर जाऊन आतलं ऑस्ट्रेलियन स्पोर्ट्स म्युझियम बघितलं, ते स्टेडियमच्या पोटातच आहे. १९५६ चं ऑलिंपिक याच मैदानावर झालं, १८७७ ची पहिली टेस्ट इथेच, १९७१ ची पहिली वनडे पण इथेच आणि तीही टेस्ट पावसात वाहून गेली म्हणून लोकांना काहीतरी दाखवायचं म्हणून खेळवलेली. लहान मुलं बरोबर असतील तर खेळून बघायचा विभाग आहे, तिथून त्यांना बाहेर काढायला वेळ लागतो हे धरून चला.

बॉक्सिंग डेला मॅन ऑफ द मॅचला मुलाघ मेडल देतात, जॉनी मुलाघ या आदिवासी खेळाडूच्या नावाने. १८६८ ला इंग्लंडला गेलेल्या आदिवासी टीममधला तो. आणि हे मेडल सगळ्यात पहिल्यांदा कुणाला मिळालं? २०२० ला, आपल्या अजिंक्य रहाणेला. अ‍ॅडलेडला ३६ ऑलआउट, विराट घरी गेलेला आणि हा माणूस इथे ११२ करून मॅच जिंकून देतो. मी पुतण्याला सांगितलं तर तो म्हणाला आय नो काका, स्कूलमध्ये शिकवलंय. मुलाघबद्दल शिकवलं होतं, रहाणेबद्दल नाही.

मॅचबद्दल, आज बुमराहने जे केलं ते मैदानात बसून बघणं म्हणजे वेगळंच प्रकरण. कॉन्स्टसचे स्टंप उडवले आणि त्याच्यासारखेच हात वर करून पब्लिकला उठवलं. हेडची विकेट ही त्याची टेस्टमधली २०० वी. त्यांचे ६ बाद ९१. आपण जिंकतोय! पण कॅच सुटत होते. यशस्वीच्याच हातून तीन. बिचारा. शेवटी लायन आणि बोलँड, दहावी जोडी, काही केल्या जाईनात. शेवटच्या ओव्हरला बुमराहने लायनची कड काढली, राहुलने पायांत कसाबसा पकडला, आम्ही सगळे हवेत, आणि नोबॉल. दादा खाली बसला तो पाच मिनिटं उठलाच नाही.

संध्याकाळी पुतण्याच्या हट्टाने ९६ नंबरची ट्राम पकडून सेंट किल्डाला गेलो. लुना पार्क, १९१२ चं, मोठ्ठा आ वासलेला चेहरा हेच त्याचं दार. समुद्रावर गार वारं, आणि अ‍ॅकलंड स्ट्रीटवर केकच्या दुकानांच्या खिडक्यांसमोर लोक देवळात उभे राहावेत तसे उभे. पोरगं लाकडी रोलरकोस्टरवर बसून आलं आणि म्हणालं हे टेस्टपेक्षा भारी आहे.

३० डिसेंबर, सोमवार

पाचव्या दिवशी तिकीट दहा डॉलर होतं, कुठेही बसा. या दिवसाबद्दल माझं एक म्हणणं आहे, टेस्ट मॅच बघायला जायचं तर शेवटचा दिवस बघावा, आणि त्यातही लंच ते टी.

आम्ही खाली, बाउंड्रीपासून थोड्याच रांगा मागे बसलो. शेजारी एक सत्तरीतले ऑस्ट्रेलियन आजोबा, मांडीवर स्कोअरबुक. लिलीच्या काळापासून येतात म्हणाले. प्रत्येक बोलरसाठी वेगळ्या रंगाचं पेन, रन नाही झाली की एक टिंब. ओव्हरमध्ये सहाही टिंबं आली की ती रेघांनी जोडून त्याचा इंग्रजी एम करायचा, मेडन. शाळेत पी.टी.च्या सरांनी शिकवलेलं सगळं आठवलं. एक शाईचा डाग पडला तर त्यांनी ब्लेडने हळूच खरवडून काढला, मॅच चालू असताना, एकही बॉल न चुकवता.

३४० चं टार्गेट. रोहित ९, राहुल ०, कमिन्सच्या एकाच ओव्हरमध्ये. विराट ५, लंचच्या तोंडावर, स्टार्कचा बाहेरचा बॉल ड्राइव्ह करायला गेला. सोड ना रे! ३ बाद ३३.

आणि मग यशस्वी आणि पंत. हो, पंत. तोच परवाचा पंत. अडवतोय, सोडतोय, अंगावर घेतोय. पूर्ण सेशन एकही विकेट नाही. दिवसाला ७४,३६२ लोक आलेले, आणि ते काय बघायला आलेत तर बॉल कीपरकडे जाताना. पंतने लायनचा बॉल सोडला, टाळ्या. यशस्वीने कमिन्सचा सोडला, टाळ्या. स्टेडियमवाल्यांनी मधे गाणं लावलं, कुणी पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही, डान्स कॅमेऱ्यापुढे कुणी नाचेना. आजोबांच्या पानावर टिंबांच्या रांगा लागलेल्या. मी म्हटलं, बोअर नाही होत? त्यांनी पान माझ्याकडे वळवलं आणि एक एम दाखवला, कमिन्सची ओव्हर, म्हणाले या ओव्हरमध्ये चार बॉल विकेटचे होते, स्कोअरबोर्डवर काहीच दिसणार नाही. मला ते पान बघताना, पहिल्या दिवसाच्या स्कूपपेक्षा हे जास्त चढलं, खरं सांगतो.

टीला ३ बाद ११२. लोक ड्रॉ ड्रॉ बोलायला लागले. टीनंतर हेडच्या साध्या बॉलवर पंतने मोह आवरला नाही, उंच मारला, मार्शच्या हातात. १०४ बॉल खेळून ३०. बस्स, तिथून गाडी घसरली. ३४ रनमध्ये सात विकेट. १५५ ऑलआउट, १८४ ने हरलो.

मधे यशस्वीचं ते प्रकरण. ८४ वर, कमिन्सचा आखूड बॉल लेगला हुक करायला गेला, कीपर कॅरीने पकडला, ग्राउंड अंपायरने नॉटआउट, त्यांनी रिव्ह्यू घेतला. स्निकोवर (बॉल बॅटला लागल्याचा आवाज टिपणारं मशीन) रेघ सरळ! आम्ही ओरडायला लागलो. पण रिप्लेत बॉलची दिशा बदललेली दिसत होती आणि थर्ड अंपायरने त्यावर आउट दिला. "चीटर चीटर" चालू झालं. दादा अजून मानत नाही. माझं मत, आउट होता, ग्लव्हजला लागून बॉल वळलेला आम्हाला मोठ्या पडद्यावर दिसला, आणि नंतर रोहितनेसुद्धा प्रेसमध्ये मान्य केलं की लागल्यासारखं वाटतंय. मशीनवर विश्वास ठेवायचा की डोळ्यांवर हा वाद वेगळा, तो घाला खुशाल. आजोबांनी मात्र काही न बोलता बॉक्समध्ये लिहिलं, कॉट कॅरी बोल्ड कमिन्स.

मेडल कमिन्सला मिळालं, पुतण्या खूश. पाच दिवस मिळून ३,७३,६९१ लोक आले असं पडद्यावर झळकलं, १९३६-३७ च्या ब्रॅडमनच्या काळातल्या मॅचचा ३,५०,५३४ चा रेकॉर्ड मोडला. हरल्यावरसुद्धा आपल्या लोकांनी त्याला टाळ्या वाजवल्या, कारण त्यातले अर्धे आपणच होतो.

जाणाऱ्यांसाठी उरलेल्या दोन टिपा. छोटा रेडिओ न्या, कॉमेंट्री ऐकत मॅच बघायला मजा येते आणि रिव्ह्यूला काय चाललंय ते कळतं, मोबाइल अ‍ॅपवर आवाज बराच मागून येतो, विकेट पडून लोक बसले की मग अ‍ॅप ओरडतं. आणि मॅच संपल्यावर लगेच स्टेशनकडे धावू नका, यारा पार्कमध्ये अर्धा तास बसा, तिथे पोरं कचऱ्याच्या डब्याचा स्टंप करून खेळत असतात, कुणीही बोलवलं की जायचं. दादाने एक ओव्हर टाकली, एका सात वर्षांच्या मुलीने त्याला दोन चौके मारले.

सिडनीची टेस्ट ३ जानेवारीपासून होती पण माझी रजा संपलेली. परतीच्या ट्रेनमध्ये पुतण्या हिशोब करत होता, म्हणाला काका पुढच्या वेळी तू फक्त पाचव्या दिवसाचं तिकीट काढ, दहा डॉलरमध्ये सगळं बघायला मिळतं. मी म्हटलं अरे पाचवा दिवस उजाडेल याची गॅरंटी कोण देणार, मॅच तीन दिवसांत संपली तर? तर म्हणतो, मग दोन दिवस लुना पार्क.